ओरांगउटान : नावातला माणूस, नावातले जंगल

एप्रिल २०२२चा शेवटचा आठवडा. रमजानचा आखरी अशरा सुरू होता. इफ्तारच्या आधी मोहल्ल्यातल्या भजी-समोशांच्या गाड्यांवर नेहमीसारखीच झुंबड होती, पण प्लेटचा भाव चढला होता. युक्रेनच्या लढाईमुळे सूर्यफूल तेल आधीच महागले होते. किराणा दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "इंडोनेशियाने माल बंद केलाय भाई. पामतेलाचं काही खरं नाही आता."

त्याचे म्हणणे खरे होते. आपल्याच देशात तेलाचे भाव आवरेनात म्हणून इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात थांबवली होती. ईद तिथेही तोंडावर होती, तळण तिथेही होते आणि तेलासाठी रांगाही होत्या. ती बंदी महिनाभरही टिकली नाही. पण त्या निमित्ताने आपल्या कढईचा आणि सुमात्रा-बोर्निओच्या बेटांचा संबंध किती जवळचा आहे, ते कळले. भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. वर्षाला ८०-९० लाख टनांच्या आसपास तेल आपण मागवतो. त्याच वर्षी दिवाळीला महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, चणाडाळ, साखर यांच्या जोडीला एक लिटर पामतेलच होते. आमच्या आधीच्या पिढीला तर 'रेशनचे पामतेल' हा शब्द पाठच आहे.

हे तेल पिकते ती जमीन आधी कोणाची होती, हे शोधायला बसलो आणि एका प्राण्याच्या नावापाशी येऊन थांबलो.

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे जंगल. ओरांगउटान म्हणजे जंगलचा माणूस. नावाचे दोन तुकडे आहेत. गेल्या साडेतीनशे वर्षांत विद्वानांनी पहिल्या तुकड्यावर अमाप शाई खर्च केली. हा प्राणी माणूस आहे का, माणसासारखा किती आहे, बोलू शकतो का, रडतो का? दुसऱ्या तुकड्याकडे, म्हणजे तो ज्या जंगलाचा आहे त्या जंगलाकडे, फार उशिरा लक्ष गेले. तोवर जंगलाचे सौदे होऊन गेले होते.

युरोपात हे नाव छापून नेले ते याकोबस बोंटियस या डच वैद्याने. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला होता. १६३१ साली तो वारला आणि त्याची टिपणे १६५८ साली पुस्तकरूपाने आली. आपण एक मादी पाहिली, ती परक्या माणसांसमोर लाजून तोंड झाकत होती, असे त्याने लिहिले आहे. सोबतचे चित्र मात्र अंगभर केस असलेल्या बाईचे आहे. त्याने नेमके काय पाहिले यावर आजही वाद आहे. पण त्याने एक ऐकीव गोष्ट नोंदवून ठेवली आहे, तिला तोड नाही. जावाचे लोक म्हणतात की या प्राण्यांना बोलता येते, पण ते मुद्दाम बोलत नाहीत. बोललो तर माणसे आपल्याला कामाला जुंपतील, ही त्यांना भीती!

ही गोष्ट कुठे सांगितली जात होती, तेही पाहायला हवे. डचांनी १६१९ मध्ये जयकर्ता शहर जाळून त्यावर बटाव्हिया वसवले. तिथले बांधकाम, घरकाम, ओझी वाहणे ही कामे गुलाम करत. ते बालीहून, सुलावेसीहून आणि आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही आणले जात. अशा शहरात लोक म्हणत होते की शहाणा तोच जो गप्प राहिला. बोंटियसने हे प्राण्याविषयीचे गमतीदार वर्णन म्हणून लिहून घेतले. मला त्यात सांगणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो.

पुढे १७७०च्या दशकात पेत्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने ओरांगउटानांची प्रेते चिरून पाहिली. त्याने त्यांचा कंठ तपासला, गळ्यातल्या हवेच्या पिशव्या पाहिल्या आणि निकाल दिला की या रचनेतून माणसासारखे बोलणे शक्य नाही. बोंटियसची गोष्ट विज्ञानाने अशी मोडीत काढली.

मार्च १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विनने जेनी नावाची ओरांगउटान मादी पाहिली. रखवालदार तिला सफरचंद दाखवत होता पण देत नव्हता. जेनी उताणी पडून हातपाय झाडू लागली, हट्टी पोरासारखी रडू लागली. डार्विनने हे आपल्या बहिणीला पत्रात कळवले. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' यायला अजून एकवीस वर्षे होती. जेनी मात्र पुढच्याच वर्षी मेली. तिचे घर कुठे होते, तिला कोणी पकडले आणि पकडताना तिच्या आईचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. आईचे काय झाले असेल ते आपण ओळखू शकतो. ओरांगउटानचे पिल्लू आईच्या अंगाला घट्ट चिकटून असते. आई जिवंत असताना ते हाती लागत नाही.

एका माणसाने मात्र हे सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आल्फ्रेड रसेल वॉलेस. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनपासून स्वतंत्रपणे मांडणारा हा गरीब घरचा इंग्रज कीटक-पक्ष्यांचे नमुने विकून पोट भरत असे. १८५४ च्या नोव्हेंबरात तो बोर्निओतल्या सारावाकला पोहोचला. ब्रुनेईच्या सुलतानाकडून जेम्स ब्रुक या इंग्रज साहसी माणसाच्या हाती गेलेले हे राज्य. तिथे सादोंग नदीजवळच्या सिमुंजान डोंगरात कोळशाची खाण सुरू होत होती. मार्च १८५५ पासून वॉलेस तिथे काही महिने राहिला. खाणीसाठी चिनी आणि दयाक मजूर जंगल तोडत होते, आणि पडलेल्या ओंडक्यांवर कीटकांचे थवे येत होते. मजुरांना तो एका किड्यामागे एक सेंट देत असे. इतके कीटक आपल्याला क्वचितच कुठे मिळाले, असे त्याने आनंदाने नोंदवले आहे. जंगल तोडण्यातून झालेला हा पहिला फायदा विज्ञानाच्या पदरात पडला, असे म्हणायला हरकत नाही.

याच मुक्कामात त्याने ओरांगउटान मारले. दयाक लोक त्यांना 'मयास' म्हणत. ताज्या मारलेल्या सतरा मयासांची मापे आपण घेतली, असे त्याने लिहिले आहे. मे महिन्यात त्याने एक मादी गोळी घालून पाडली. खाली दलदलीत तोंड रुतलेले तिचे पिल्लू सापडले, जिवंत. दातही आले नव्हते. वॉलेसने ते उचलले तर त्याने त्याची दाढी मुठीत धरली आणि सोडेना.

त्याने ते पिल्लू वाढवायचे ठरवले. दूध मिळण्याची सोय नव्हती, म्हणून तो बाटलीच्या बुचात पिसाची नळी बसवून त्यातून तांदळाची पेज पाजू लागला. पिल्लाला सतत काहीतरी धरून ठेवायची सवय, म्हणून म्हशीच्या केसाळ कातड्याची गुंडाळी करून त्याने एक खोटी आई बनवली. पिल्लू तिला बिलगले, दूध शोधू लागले आणि तोंडात केस जाऊन गुदमरू लागले. मग ती आईही काढून घ्यावी लागली. सोबतीला एक माकडाचे पोर आणले. सुमारे तीन महिन्यांनी पिल्लू मेले. वॉलेसला खरेच वाईट वाटले. त्याने त्याचे कातडे आणि सांगाडा जतन केला आणि ते करताना त्याला दिसले की झाडावरून पडताना पिल्लाचा एक हात आणि एक पाय मोडला होता. हाडे आपोआप जुळून आली होती. म्हणजे मोडलेल्या हाडांनिशी ते तीन महिने त्याच्या घरात होते आणि त्याला कळलेही नव्हते.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना वेगळे वाटले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते त्यानेच न लपवता सांगितले म्हणून. शिवाय नावातले दुसरे अक्षर वाचणारा पहिला युरोपीयही बहुधा तोच. हा प्राणी सखल, दलदलीच्या, सलग पसरलेल्या उंच जंगलातच सुखाने राहू शकतो, हे त्याने स्पष्ट लिहिले. झाडावरून झाडावर, जमिनीवर न उतरता, तो कुठल्याही दिशेला जातो. वाळवंटात अरब जसा मोकळा फिरतो तसे हे जंगल त्याचे मोकळे मैदान आहे, अशी तुलनाही त्याने केली. पुस्तक १८६९ साली निघाले. मुद्दा छापून आला होता, पण त्या वेळी मळेवाल्यांच्या नजरा त्याच सखल, सपाट, पाणथळ जमिनीकडे लागल्या होत्या.

याची सुरुवात दोन ठिकाणी झाली. १८४८ साली जावातल्या बोगोर शहरातल्या वनस्पती उद्यानात डचांनी आफ्रिकी तेलताडाची चार रोपे लावली. मूळ पश्चिम आफ्रिकेतले हे झाड तेव्हा शोभेपुरते होते. दुसरीकडे सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर देलीच्या सुलतानाने १८६३ मध्ये एका डच व्यापाऱ्याला तंबाखूसाठी जमीन दिली. तंबाखू उत्तम निघाला. मग भाडेपट्ट्यांची रीघ लागली. जमीन सुलतानाची खासगी नव्हती. तिच्यावर तिथल्या मलय आणि बटक गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क होता. पट्ट्याचे पैसे आले सुलतानाकडे. मेदानमधला माइमून राजवाडा आणि तिथली भव्य जामा मशीद याच सुबत्तेच्या काळातली. मशीद देखणी आहे यात शंका नाही. पण वसाहतवादाचा हिशेब मांडताना आपण फक्त गोऱ्यांची वही उघडतो. ज्या मुसलमान सुलतानाने सही केली त्याची वहीही उघडायला हवी.

मळ्यांवर चीन, जावा आणि तामिळ मुलखातून मजूर आले. १८८०च्या कुली कायद्याने मळा सोडून पळणाऱ्या मजुराला तुरुंगवासाची शिक्षा करता येऊ लागली. १९११च्या सुमारास याच पट्ट्यात बोगोरच्या त्या चार रोपांच्या वंशजांपासून तेलताडाची व्यापारी लागवड सुरू झाली, आणि काही वर्षांत मलायातही.

तरी आजच्यासारखे हिरवे वाळवंट व्हायला आणखी सत्तर वर्षे लागली. तेलताडाची मादी फुले आग्नेय आशियात नीट फळत नसत. मजूर, त्यातही बायका, एकेक झाड गाठून हाताने परागकण टाकत. हे कोडे रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाने सोडवले. आफ्रिकेत कॅमेरूनला एक बारीकसा सोंडकिडा हे काम फुकट करतो, हे त्याच्या लक्षात आले. १९८१ मध्ये तो किडा मलेशियाच्या मळ्यांत सोडला आणि परागण हाताने करण्याची गरजच संपली. उत्पादन वाढले, मजुरी वाचली, तेल स्वस्त झाले. आपल्याकडे १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली ती याच स्वस्त तेलाच्या जोरावर. सय्यद यांनी काही वाईट केले असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी एक शास्त्रीय कोडे उत्तम रीतीने सोडवले. गरिबाच्या ताटात तेल आले, ही छोटी गोष्ट नव्हे. पण त्या किड्याने हेक्टरचा हिशेब बदलला आणि जंगल राखण्यापेक्षा ते तोडणे कित्येक पटींनी फायद्याचे झाले.

हे चालू असताना जंगलात बसून ओरांगउटान पाहणारी माणसेही आली. सारावाकमध्ये बार्बरा हॅरिसन यांनी १९५०च्या दशकात अनाथ पिल्ले सांभाळून पुन्हा जंगलात सोडण्याचे प्रयोग सुरू केले. १९६४ मध्ये साबाहात सेपिलोकचे केंद्र निघाले. १९७१ मध्ये बिरुटे गाल्डिकास मध्य कालिमंतानच्या तांजुंग पुतिंगला पोहोचल्या आणि दशकानुदशके तिथे राहिल्या. या माणसांना जे दिसले ते पिंजऱ्यात कोणाला दिसणे शक्यच नव्हते.

मादीला दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचे अंतर असते. सस्तन प्राण्यांत इतका मोठा पाळणा दुसऱ्या कोणाचा नाही. पिल्लाच्या दातांत साठलेल्या द्रव्यांवरून दिसते की काही पिल्ले आठ वर्षांपर्यंत अधूनमधून अंगावर पितात. एवढी वर्षे आई काय करते? ती शिकवते. बोर्निओच्या जंगलात दरवर्षी फळे येत नाहीत. काही वर्षांतून एकदा सारे रान एकदम फळते आणि मग दीर्घ टंचाई. कोणते झाड कुठे आहे, कधी पिकते, काहीच नसेल तेव्हा कोणत्या झाडाची साल खायची, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून घरटे कसे विणायचे, हे पिल्लू आईच्या पाठीवरून पाहत शिकते. सुमात्रातल्या सुआक बालिंबिंगच्या दलदलीत कारेल व्हान शाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ओरांगउटान काडीने काटेरी फळातल्या बिया काढताना दिसले. दुसरीकडे तेच फळ असूनही ही युक्ती नव्हती. २००३ मध्ये त्यांनी अशा चोवीस चालीरीती मांडल्या, ज्या एका वस्तीत आहेत आणि दुसरीत नाहीत. थोडक्यात, प्रत्येक जंगलाचे आपले रिवाज आहेत. त्याच सुआकमध्ये जून २०२२ मध्ये राकुस नावाच्या नराने गालावरच्या जखमेला एका औषधी वेलीची पाने चावून त्यांचा रस लावला आणि वरून चोथा थापला. तिथले लोकही त्या वेलीला औषधी मानतात. जखम भरून आली.

एखादे जंगल तुटते तेव्हा तिथले प्राणी शेजारच्या जंगलात का जात नाहीत, असे लोक विचारतात. याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. पाठ असलेला नकाशा फक्त त्याच जंगलाचा असतो. आणि सात वर्षांनी एक पिल्लू देणारी जात वर्षाला शंभरातल्या एखाद-दोन प्रौढ माद्या मारल्या गेल्या तरी सावरत नाही.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टरवर भात पिकवायचा हुकूम काढला. जमीन होती पीटची, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजत राहिलेल्या पाचोळ्याचे अनेक मीटर जाड थर. ओरांगउटानांची सर्वांत दाट वस्ती अशाच दलदलीत असते. चार हजार किलोमीटरहून अधिक कालवे खणून पाणी काढून टाकले. जावातून हजारो शेतकरी कुटुंबे आणून वसवली. आम्लधर्मी पीटमध्ये भात पिकला नाही. वाळलेले पीट मात्र सरपणासारखे तयार झाले. १९९७ मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि जमीनच पेटली. आग जमिनीखालून सरकत राहिली, धूर सिंगापूर-मलेशियावर पसरला. त्या एका वर्षी इंडोनेशियाच्या आगींतून बाहेर पडलेला कार्बन साऱ्या जगाच्या वार्षिक इंधन-उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुहार्तो पायउतार झाले, हबीबी सरकारने प्रकल्प बंद केला. कालवे राहिले.

१९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एकट्या बोर्निओत एक लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले. त्यातला मोठा भाग मळे झालेल्या जमिनीवर नव्हे तर जंगल शिल्लक असलेल्या भागात घटला, म्हणजे शिकारीने आणि मारहाणीने. कायद्याने १९३१ पासून, डचांच्या काळापासून, हा प्राणी संरक्षित आहे.

जानेवारी २०१४ मध्ये मजलिस उलेमा इंडोनेशियाने चौथ्या क्रमांकाचा फतवा काढला. दुर्मीळ प्राण्यांची अवैध शिकार आणि व्यापार हराम. सरकारने कंपन्यांना दिलेले परवाने पुन्हा तपासावेत, असेही त्यात बजावले होते. आपल्याकडे 'फतवा' शब्द ऐकला की टीव्हीवाले ज्या सुरात बातमी देतात त्या सुरात ही बातमी मी कुठे ऐकली नाही. २०१६ मध्ये जंगल आणि जमीन जाळण्याविरुद्ध आणखी एक फतवा आला. सूरह अनआममध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. सुआकच्या त्या काडीवाल्या वस्तीची हकीकत वाचल्यावर हा शब्द मला नव्याने कळला. पण फतव्याचा जोर किती? तो मशिदीपर्यंत पोहोचतो, परवाना देणाऱ्या कचेरीत त्याला कोणी बसायला खुर्ची देत नाही.

पामतेलावर बहिष्कार हा उपाय मला पटत नाही. एका हेक्टरमधून तेलताड सोयाबीनच्या पाच-सहापट तेल देतो. तो नको म्हटले तर तेवढ्या तेलासाठी दुसरीकडे कितीतरी अधिक जमीन लागेल. शिवाय इंडोनेशियाच्या तेलताडाखालच्या जमिनीत सुमारे चाळीस टक्के वाटा छोट्या शेतकऱ्यांचा आहे. प्रश्न मळा कोणत्या जमिनीवर उभा राहिला, हा आहे. युरोपचा ग्राहक हा प्रश्न निदान विचारतो. सर्वांत जास्त तेल घेणारे आपण मात्र फक्त भाव विचारतो.

मार्च २०१९ मध्ये उत्तर सुमात्राच्या आचे प्रांतात एका मळ्यात एक मादी सापडली. अंगात छऱ्याच्या बंदुकीचे ७४ छरे, दोन्ही डोळे गेलेले, गळपट्टीचे हाड मोडलेले. सोबत उपासमारीने खंगलेले पिल्लू होते. ते दवाखान्यात नेताना वाटेतच मेले. मादीचे नाव वाचवणाऱ्यांनी होप ठेवले. १८५५ आणि २०१९ मधला फरक इतकाच की या वेळी आई जगली.

आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की सुमात्रातल्या बाटांग तोरूच्या डोंगराळ जंगलातले ओरांगउटान ही वेगळीच, तिसरी जात आहे. तापानुली ओरांगउटान. आठशेहून कमी जीव, म्हणजे माणसाच्या जवळच्या नात्यातली जगातली सर्वांत दुर्मीळ महाकाय वानरजात. त्यांच्या जंगलात ५१० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम तेव्हा हाती घेतलेले होते. जात वेगळी आहे हे ठरवायला आनुवंशिक पुराव्याच्या जोडीला एका प्रौढ नराच्या कवटीचा आधार घेतला गेला. त्याचे नाव राया. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी केलेल्या जखमांनी तो मेला होता. त्याचा सांगाडा आज ज्या प्राणिशास्त्र संग्रहालयात जपून ठेवला आहे, त्याच्या नावातच बोगोर आहे. तेच बोगोर, जिथे १८४८ साली तेलताडाची चार रोपे लावली होती.